पाण्याबाहेर आलेला छोटा सॅलॅमँडर गोव्यात कसा सांभाळावा

टाकीतल्या सॅलॅमँडरच्या (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या नात्यातला उभयचर) पिल्लाचे झुपकेदार कल्ले आखूड होऊ लागले, शेपटीवरचा पातळ पर विरत चालला आणि ते घडोघडी वर येऊन नाक पाण्याबाहेर काढू लागलं, की त्याच दिवशी त्याला बाहेर यायची वाट करून द्या. हे काम उद्यावर टाकू नका. रूपांतर होताना कल्ले आटतात आणि श्वासाचा भार फुप्फुसांवर येतो. टेकायला कोरडी जागा मिळाली नाही, तर पाण्यातच वाढलेलं हे पिल्लू पाण्यातच बुडून मरतं.

पाण्याची पातळी ५ सेंमीपर्यंत उतरवा. मंगळुरी कौलाचा वीतभर तुकडा (रंग न दिलेला, शेवाळ घासून काढलेला) एका कडेला तिरका टेकवा, म्हणजे खालचं टोक पाण्यात आणि वरचं कोरडं राहील. काचेवर आणि प्लास्टिकवर पिल्लाचे पाय घसरतात, कौलाच्या खरखरीत पाठीवर ते धरून राहतं. फिल्टर चालू असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, किंवा तो बंद करून रोज निम्मं पाणी बदला. झाकण मात्र घट्ट हवं. ओल्या काचेच्या कोपऱ्यातून ही पिल्लं सहज वर चढतात आणि मग दुसऱ्या दिवशी कपाटामागे वाळलेली सापडतात.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पापण्या फुटतात, डोळे उठून दिसू लागतात आणि कात पुन्हा पुन्हा सुटते. ती कात पिल्लू स्वतःच खाऊन टाकतं, त्यात काळजीचं काही नाही. कल्ल्यांच्या जागी बारीक गाठी उरल्या आणि ते दिवसभर कौलावरच बसू लागलं, की टाकी सोडायची वेळ झाली.

आता अनेकांना पडणारा प्रश्न: आपण तर अ‍ॅक्सोलॉटल आणला होता, मग हे काय झालं? अ‍ॅक्सोलॉटल हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्को भागातला प्राणी. तो सहसा जन्मभर कल्ल्यांसकट पाण्यातच राहतो. उत्तर अमेरिकेतल्या टायगर सॅलॅमँडरची पिल्लं दिसायला अगदी तशीच असतात, पण मोठी होताना जमिनीवर येतात. तेव्हा तुमच्याकडे एक तर टायगर सॅलॅमँडर आहे, नाहीतर क्वचित रूपांतर होणारा अ‍ॅक्सोलॉटल. दोघांची निगा सारखीच. गेलेले कल्ले परत येत नाहीत, म्हणून पिल्लाला पुन्हा खोल पाण्यात ढकलू नका. आणि दुसऱ्या अ‍ॅक्सोलॉटलला मुद्दाम आयोडीन पाजून जमिनीवर आणायचा प्रयोग तर मुळीच नको. त्यात बरेच मरतात.

कागदपत्रांचंही इथेच उरकून घेऊ. अ‍ॅक्सोलॉटल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांप्रमाणे असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. बिलावर अ‍ॅक्सोलॉटल लिहिलं असेल तर रूपांतर झालं म्हणून ती नोंदणी टळत नाही. बिल जपून ठेवा. दार्जिलिंग-सिक्कीमकडचा हिमालयी सॅलॅमँडर 'मिळवून देतो' असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. तो कायद्याने संरक्षित आहे.

उकाडा

गोव्यात सॅलॅमँडर दगावतो तो बहुतेक वेळा उकाड्याने. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. या जनावराला १६ ते २० अंश सेल्सिअस मानवतं, २२ चालून जातं. २४-२५ च्या पुढे ते खाणं टाकतं किंवा खाल्लेलं ओकतं, कातडीवर जिवाणू माजतात, आणि २७ च्या वर काही दिवस काढले तर जगण्याची आशा फार उरत नाही. पणजीत मे महिन्यात दुपारी पारा ३३ च्या आसपास असतो आणि पहाटेही २६ च्या खाली फारसा उतरत नाही. जानेवारीत पहाटे २० च्या जवळ येतो, पण दुपार पुन्हा ३१-३२ ची. म्हणजे वर्षातला एकही महिना असा नाही, की जनावर नुसतं सावलीत ठेवून भागेल.

मातीच्या मडक्यात मडकं ठेवून मधे ओली वाळू भरायची युक्ती अनेक जण सुचवतात. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ती चालते. बाष्पीभवनाने येणारा गारवा हवेतल्या दमटपणावर अवलंबून असतो, आणि आपल्याकडे हवाच ओलीचिंब. मडकं फार तर २६-२७ वर येऊन थांबतं. ओल्या फडक्यावर पंखा सोडणं हीही तीच गोष्ट. फक्त रात्री एसी लावणं तर त्याहून वाईट, कारण पिल्लू रोज २२ आणि ३१ च्या मधे हेलकावे खातं. चोवीस तास २० वर एसी चालवायची तयारी असेल तर प्रश्नच मिटला, पण ते बिल दर महिन्याला भरायचं आहे हे ध्यानात घ्या.

परवडणारा आणि खात्रीचा मार्ग म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणारा छोटा फ्रिज किंवा वाइन कूलर, आणि त्याला बाहेरून लावलेला डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर. अंडी उबवायच्या पेट्यांना लावतात तोच हा कंट्रोलर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. कॉम्प्रेसर नसलेले पेल्टिअर कूलर घेऊ नका. खोलीपेक्षा दहा-बारा अंश खाली न्यायलाही त्यांची दमछाक होते, आणि मे महिन्यात नेमका तोच आकडा अपुरा पडतो.

पिल्लाचा डबा (तो कसा करायचा ते पुढे येईल) या फ्रिजमध्येच राहतो. जोडणी अशी. फ्रिजचा प्लग कंट्रोलरमधून घ्या आणि कंट्रोलर 'कूल' मोडवर ठेवून १८ अंश लावा. फरक १ अंशाचा ठेवा, म्हणजे १९ झालं की फ्रिज सुरू आणि १८ ला बंद. कॉम्प्रेसर डिले ५ मिनिटं द्या, नाहीतर कॉम्प्रेसर लवकर जळतो. फ्रिजची स्वतःची कळ सर्वांत कमी थंडीवर ठेवा. कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) चिकटून फ्रिज सतत चालू राहिला, तरी आतलं तापमान आठ-दहा अंशांच्या आसपास थांबतं. पिल्लू मंदावेल, पण एका रात्रीत मरणार नाही. सेन्सरची तार फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे खोटा आकडा मिळतो. डब्याच्या बाहेरच्या अंगाला, आतल्या मातीच्या उंचीवर टेपने लावा. वेगळा साधा थर्मामीटर डब्यात ठेवा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते आठवडाभर पाहा. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. ओलसर जागेत वीज आहे, तेव्हा लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर) हवाच.

फ्रिजमध्ये हवा कोंडेल अशी भीती वाटते. एका छोट्या सॅलॅमँडरला प्राणवायू फार कमी लागतो. ५० लिटरच्या फ्रिजचं दार रोज एकदा-दोनदा अर्धा मिनिट उघडलं तरी पुरतं. खरा त्रास कोरडेपणाचा होतो: फ्रिज ओल ओढून घेतो, म्हणून जाळीचं झाकण न वापरता पंधरा-वीस बारीक भोकं पाडलेलं झाकण वापरा आणि ओल रोज बघा.

पावसाळ्यात वीज जाणं हे ठरलेलंच. दार न उघडलेला फ्रिज काही तास गारवा धरतो. त्यापुढच्यासाठी डीप फ्रीझरमध्ये एकेक लिटरच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या ठेवा. वीज दोन-तीन तासांत आली नाही, तर एक बाटली टॉवेलात गुंडाळून डब्याच्या शेजारी ठेवायची, डब्यात नाही.

पहिलं घर

नुकतं बाहेर आलेलं पिल्लू थेट मातीत सोडू नका. पहिले दोन-तीन आठवडे ३० × २० सेंमीचा प्लास्टिकचा डबा, तळाला बिनवासाच्या, बिनरंगाच्या किचन पेपरचे दोन-तीन ओले थर, लपायला कौलाचा तुकडा किंवा अर्धी करवंटी, आणि पाण्याची उथळ ताटली. ताटलीत पाणी सेंटीमीटरभरच, बसल्यावर हनुवटीपर्यंत येईल इतकं. कागदावर सगळं दिसतं: शी झाली का, उलटी झाली का, कात नीट सुटली का. मातीत यातलं काही कळत नाही. कागद एक दिवसाआड बदला, घाण दिसली तर त्याच दिवशी. मुताचा अमोनिया ओल्या कागदात साचला, की पोटाची पातळ कातडी लाल होते आणि पुढे सोलवटते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तर तो उडून जातो, घाई असेल तर मत्स्यालयवाल्यांकडचं सोडियम थायोसल्फेटचं क्लोरीननाशक बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. विहिरीचं पाणी आपोआप सुरक्षित असतं असं समजू नका. पावसाळ्यात विहिरींत ब्लीचिंग पावडर पडते, आणि किनाऱ्यालगतच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला खारट लागलं तर ते पाणी नको. निव्वळ आरओचं पाणीही नको. अंगातले क्षार ओढले जातात, म्हणून ते क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा.

पिल्लू दोन आठवडे नीट खाऊ लागलं, की माती. ४५ × ३० सेंमीच्या डब्यात ८ सेंमी थर लागतो, म्हणजे सुमारे ११ लिटर माल. ही जात बिळात राहणारी आहे, उथळ थरात ती बेचैन होऊन कडेकडेने फिरत राहते. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) ६५० ग्रॅमची वीट फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते. तिच्यात दोन लिटर तांबडी माती मिसळली, की बीळ ढासळत नाही. खत मिसळलेली कोकोपीट घेऊ नका.

आता धुणं. हे टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं. किनारपट्टीवरच्या काथ्यात मीठ असतं, आणि उभयचराच्या कातडीला मीठ म्हणजे आग. वीट बादलीत फुगवा, फडक्यात घालून पिळा, नवं पाणी घाला, पुन्हा पिळा. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघतं, तिसऱ्या-चौथ्या धुण्याला फिकं पडतं. रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून पिळलेल्या पाण्याचा आकडा तुम्ही वापरलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवा. शेवटी मूठभर घेऊन घट्ट आवळा: एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर, धार आली तर जास्त. डब्याची एक बाजू जरा ओली, दुसरी नुसती दमट ठेवा, म्हणजे पिल्लू आपल्याला हवी ती निवडतं.

माती आणि पानं कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) आणू नका. पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या घोसांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं असतं. ते झाडाखालच्या पाचोळ्यावर आणि मातीत उतरतं, आणि उभयचरांना ते विषच. न कसलेल्या जागेतली माती ओलसर करून कढईत अर्धा तास भाजा. पाचोळा फणसाचा किंवा देशी बदामाचा, उकळून घेतलेला. खडी आणि बारीक गोटे अजिबात नकोत. घास पकडताना खडा गिळला जातो आणि आतडं तुंबतं.

खाणं

रूपांतर चालू असताना पिल्लू खात नाही. शेपटीचा पर जिरतो, त्यावर त्याचं भागतं. आठवडा, कधी दोन आठवडे उपास झाला म्हणून जबरदस्तीने तोंड उघडू नका, कोवळा जबडा दुखावतो. त्यापेक्षा वजन बघा. सोनार वापरतो तसला ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, त्यावर ओली डबी ठेवून शून्य करा आणि आठवड्यातून एकदा तोला. आठवड्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, किंवा कात स्थिर होऊनही तिसऱ्या आठवड्यात ते घासाकडे बघत नसेल, तर परदेशी प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा.

गांडूळ हे मुख्य अन्न. कॅल्शियमही त्यात बरं असतं. गांडूळखताच्या प्रकल्पात दोन जाती दिसतात. आयसेनिया, म्हणजे लाल पट्ट्यापट्ट्यांची, ही दुखावली की पिवळट कडू द्रव सोडते आणि पिल्लू तिला थुंकतं. जाड, जांभळट आफ्रिकन नाइटक्रॉलर घ्या. दिवसभर ओल्या कागदावर ठेवलं की त्याच्या पोटातली माती निघून जाते. मग धुऊन दीड सेंमीचे तुकडे करा. जाडी पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको.

पावसात अंगणात खणून गांडुळं गोळा करत असाल तर एक सावधगिरी बाळगा. सह्याद्रीच्या मातीत देवगांडूळ असतं. ते गांडूळ नाही, सॅलॅमँडरच्याच नात्यातलं बिनपायांचं उभयचर आहे. त्याच्या एका जातीचं शास्त्रीय नावच 'गोआएन्सिस' आहे. त्याला जबडा असतो, तोंड उघडता येतं, काही जातींत डोळ्यांचे बारीक ठिपके दिसतात आणि अंग गुळगुळीत, चकचकीत असतं. असं काही हाती लागलं तर होतं तिथेच मातीत सोडा. आणि शेतातली गांडुळं, फवारणीमुळे, तशीही नकोतच.

भरवायला बोथट टोकाचा लांब चिमटा घ्या. तुकडा नाकापुढे एक-दोन सेंमीवर धरून अगदी हळू हलवा. पिल्लू आधी मान वळवतं, मग थिजल्यासारखं थांबतं, हनुवटी किंचित वर उचलतं आणि एकदम झडप घालतं. त्या थांबण्याच्या क्षणी घाईने तुकडा पुढे ढकलला की ते बिचकतं आणि त्या दिवशी खातच नाही. हात स्थिर ठेवा. तुकडा त्याने धरला की लगेच चिमटा सोडा, ओढाताण नको.

नऊ-दहा सेंमीच्या पिल्लाला एक दिवसाआड दोन-तीन तुकडे, किंवा पाच-सहा मिलिमीटरचे तीन-चार रातकिडे. रातकिडे विकतचे, घराबाहेरचे नव्हेत. त्यांच्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणून आठवड्यातून दोनदा डी-३ असलेली कॅल्शियम पावडर चोळून द्या. फ्रिजमध्ये ऊन नाही, त्यामुळे हे जीवनसत्त्व अंगात दुसरीकडून येत नाही. न खाल्लेला रातकिडा रात्रभर आत ठेवू नका, तो झोपलेल्या पिल्लाची कातडी कुरतडतो. मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) या वयात नकोत, कवच कडक असतं. मटण, चिकन, सुकी मासळी, माशांच्या गोळ्या यांतलं काही देऊ नका.

हात, धूर, मुंग्या

या जनावराची कातडी जे लागेल ते आत ओढते. सनस्क्रीन, खोबरेल, सॅनिटायझर लागलेल्या हाताने डब्याला स्पर्शसुद्धा नको. उचलावंच लागलं तर हात नुसत्या पाण्याने धुऊन ओले ठेवा, किंवा पावडर नसलेला नायट्राइलचा ग्लव्ह धुऊन घाला. काम झालं की आपले हात साबणाने धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची शक्यता असते.

डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, स्प्रे यांतलं काहीही त्या खोलीत लावू नका. ही पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, उभयचराला बाधतात. खिडक्यांना जाळ्या आणि मच्छरदाणी हाच उपाय. गावात फॉगिंगची गाडी आली की खोलीची दारं-खिडक्या बंद करा आणि पुढचे काही तास फ्रिज उघडू नका.

मुंग्या आत शिरल्या तर एका रात्रीत पिल्लू संपवतात, आणि गांडुळाच्या वासाने त्या हमखास येतात. मुंग्यांचा खडू ओढू नका, तोही कीटकनाशकाचाच. जुन्या घरांत दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तेच इथे करा. स्टँडच्या चारही पायांखाली वाट्या, त्यांत पाणी आणि साबणाचा एक थेंब. वायरवरूनही मुंग्या चढतात, म्हणून वायरला वाटीच्या वर पेट्रोलियम जेलीचं कडं लावा. ते डब्यापासून लांब असावं.

बिघडल्याच्या खुणा

उलटी झाली की आधी थर्मामीटर बघा, मग घासाचा आकार. पोट किंवा मांड्यांच्या आत लालसर ठिपके दिसले तर ते जिवाणूंचं लक्षण असू शकतं. पिल्लाला ताबडतोब कागदाच्या स्वच्छ डब्यात हलवा, १६-१७ अंशांवर ठेवा आणि पशुवैद्याला फोटो पाठवा. अंगावर पाण्याने भरलेले फोड आले तर माती फार ओली आहे. कात बोटांना अडकून राहिली तर फार कोरडी. सतत पाण्याच्या ताटलीतच बसून राहिलं तर उकाडा, अमोनिया किंवा मातीतलं मीठ, तिन्ही तपासा. घरातलं डेटॉल, जखमेवरची आयोडीनची औषधं, माणसांची मलमं लावू नका.

दोन पिल्लं असली तर वेगवेगळे डबे. आकारात थोडा जरी फरक पडला तरी मोठं लहानाचा पाय तोडतं. १५ सेंमीच्या पुढे वाढलं की ६० × ४५ सेंमीची जागा आणि १२ सेंमी माती लागते, म्हणजे फ्रिजही मोठा. आत्ताच घेताना त्याचा अंदाज घ्या. टायगर सॅलॅमँडर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो.

डब्यातलं वापरलेलं पाणी अंगणात, तळीत किंवा व्हाळात ओतू नका. परदेशी उभयचरांबरोबर काइट्रिड बुरशी (उभयचरांच्या कातडीचा जीवघेणा रोग) येऊ शकते आणि आपल्या बेडकांना ती नवी असू शकते. दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळून तासभर ठेवा आणि संडासात फ्लश करा. कोकोपीट बदलाल तेव्हा जुनी पत्र्यावर पसरून उन्हात कडकडीत वाळवा, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर तीच कढई पुन्हा काढा.